माध्यम आणि डिजिटल संवादाचे पदव्युत्तर शिक्षण : नाशिकच्या नवागतांसाठी

पदव्युत्तर अभ्यासक्रमाची चौकशी करायला येणारे विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न स्टुडिओचा विचारतात : कॅमेरे कोणते आहेत, व्हिडिओ संकलनाला संगणक किती आहेत, पॉडकास्टची खोली आहे का. प्रश्न गैर नाही, पण तो दुसरा किंवा तिसरा असावा. कॅमेरा हाताळणे काही महिन्यांत जमते आणि सॉफ्टवेअर दर दोन-तीन वर्षांनी बदलते. दोन वर्षे आणि घरच्यांचे पैसे ज्यासाठी खर्च करायचे, ती गोष्ट निराळी आहे. एखादी बातमी, जाहिरात किंवा व्हायरल झालेला व्हिडिओ समोर आल्यावर त्याला नेमका प्रश्न विचारणे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर मतावर न सोडता पुराव्याने शोधणे, ही सवय पदव्युत्तर वर्गात लागते. ती लागणार असेल तरच हा खटाटोप करावा. केवळ रील संपादन शिकायचे असेल, तर लहान मुदतीचा वर्ग स्वस्त पडतो.

आधी वाट ठरवा

‘मीडिया’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वाटा येतात आणि अर्ज भरेपर्यंत पुष्कळांना त्यांतला फरक ठाऊक नसतो. पहिली वाट पत्रकारितेची : वार्तांकन, संपादन, डिजिटल डेस्क. दुसरी जनसंपर्क, जाहिरात आणि संस्थांच्या संवादाची. तिच्यात रोजगार अधिक, पण अभ्यासक्रमाची फीही बहुधा अधिक असते. तिसरी वाट माध्यमांच्या अभ्यासाची, म्हणजे प्रेक्षक, मजकूर, तंत्रज्ञान आणि सत्ता यांच्या संबंधांवर संशोधन करण्याची, जी पुढे अध्यापनाकडे किंवा संशोधनसंस्थांकडे जाते.

आपली वाट ओळखण्यासाठी एक साधा उपाय करून पाहावा. गेल्या महिन्यात मनात रेंगाळलेल्या पाच गोष्टी वहीत लिहाव्यात, मग ती बातमी असो, जाहिरात असो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला संदेश असो, आणि प्रत्येकीसमोर आपल्या मनात काय आले ते लिहावे. ‘याची दुसरी बाजू कोणी विचारलीच नाही’ असे लिहिले गेले, तर ओढा पत्रकारितेकडे आहे. ‘हे अधिक चांगल्या रीतीने पोचवता आले असते’ असे लिहिले, तर दुसरी वाट पाहावी. ‘यावर लोकांनी विश्वास का ठेवला’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर तिसरी. ही कसोटी काही शास्त्रीय नव्हे, पण माहितीपुस्तिकेतल्या गुळगुळीत वाक्यांपेक्षा ती अधिक खरे बोलते.

पात्रता आणि क्रेडिटचा हिशेब

पात्रतेची बाब थोडक्यात आटोपते. बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, बी.एस्सी. किंवा बी.कॉम. झालेल्यांनी कचरू नये, कारण आकडे वाचता येणारा विद्यार्थी माध्यमांच्या वर्गात दुर्मीळ असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर ते एका वर्षातही पूर्ण करण्याची सोय आहे. राज्यातील विद्यापीठांच्या नव्या आराखड्यात दोन वर्षांना ८८ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजले जाणारे श्रेयांक) आहेत आणि पहिल्या वर्षाअखेर ४४ क्रेडिट मिळवून पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. नोकरी लागली किंवा घरी अडचण आली, तर ही मधली पायरी लक्षात असू द्यावी. क्रेडिट जमा होतात ते अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन नोंदवहीमध्ये, त्यामुळे तिथले खाते आणि अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा देशभर एकच राहणारा ओळख क्रमांक) प्रवेशाआधीच काढून ठेवावा आणि त्यातले नाव आधार कार्डाशी व गुणपत्रिकेशी तंतोतंत जुळते आहे का, हे पाहावे. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षरात, एवढ्यावरूनही हेलपाटे पडतात.

नाशिकात राहायचे की बाहेर जायचे

नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. शहरात १९२४ साली सुरू झालेल्या एचपीटी महाविद्यालयात पत्रकारितेच्या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. गंगापूर धरणाकडे जाताना लागणाऱ्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ ची. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी तिथले पत्रकारितेचे अभ्यासक्रम पाहावेत. दूरस्थ किंवा मुक्त पद्धतीने शिकायचे असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी मान्यता आहे, याची खातरजमा करावी. केवळ विद्यापीठ मान्यताप्राप्त असणे पुरेसे नाही. प्रवेशासाठी त्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, म्हणजे डीईबी आयडी, लागतो, तोही विद्यार्थ्याने स्वतःच काढायचा असतो.

पुण्यात विद्यापीठाचाच संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग आहे. फर्ग्युसन रस्त्यावरची ती जागा ‘रानडे’ (रानडे इन्स्टिट्यूट) म्हणूनच ओळखली जाते. त्याशिवाय माध्यम व संज्ञापन अभ्यासाचा स्वतंत्र विभाग विद्यापीठात आहे. या दोहोंची नावे सारखी वाटतात म्हणून अर्ज करताना गल्लत होते. पहिल्याचा कल पत्रकारितेकडे, तर दुसऱ्याचा दृक्‌श्राव्य निर्मिती आणि माध्यमविचाराकडे अधिक, असे ढोबळमानाने म्हणता येईल. मुंबईत मुंबई विद्यापीठाचा विभाग आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील माध्यम व सांस्कृतिक अभ्यासाचे केंद्र आहे. माहितीपट आणि संशोधन यांची सांगड घालायची असेल, तर टाटा संस्थेचा विचार जरूर करावा. मराठी पत्रकारितेची पदविका हवी असेल, तर भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती केंद्र आहे. या संस्थेची मूळ स्थापना दिल्लीत १९६५ साली झाली. दिल्लीच्या जामिया मिल्लियामधील जनसंज्ञापन संशोधन केंद्र आणि हैदराबाद विद्यापीठ हे आणखी दूरचे, पण सरकारी फीत शिकता येणारे पर्याय आहेत. अहमदाबादची मायका ही दुसऱ्या, म्हणजे जाहिरात-जनसंपर्काच्या, वाटेवरची नावाजलेली संस्था. तिथला खर्च आधी पाहून मगच स्वप्न पाहावे.

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाऊन-येऊन शिकता येईल का, असे दरवर्षी कोणीतरी विचारते. पासधारक नोकरदार तसे करतात, हे खरे. पण पदव्युत्तर अभ्यासातला अर्धा भाग वर्गाबाहेर, ग्रंथालयात आणि मित्रांशी होणाऱ्या वादांत घडतो, आणि रोजचे सात-आठ तास प्रवासात गेल्यावर त्यासाठी अंगात त्राण उरत नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे : एकतर तिथे राहा, नाहीतर नाशिकातच शिका. नाशिकात शिकणे ही दुय्यम गोष्ट मानू नये, का ते पुढे येईलच.

संस्था पाहायला गेलात, तर स्टुडिओ दाखवायला कोणीही उत्साहाने नेईल. तुम्ही मात्र गेल्या तीन वर्षांतले विद्यार्थ्यांचे लघुशोधप्रबंध पाहायला मागा. ते ग्रंथालयात नीट लावलेले असतील, त्यांचे विषय एकमेकांपासून वेगळे असतील आणि शेवटच्या प्रकरणात ‘सोशल मीडियाचे फायदे व तोटे’ याहून काही निराळे सापडत असेल, तर विभाग जिवंत आहे असे समजावे. दुसरी चौकशी पूर्णवेळ प्राध्यापकांची : किती जण आहेत, आणि किती जण तासावर येतात. बाहेरून येणारे पत्रकार उत्तम शिकवतात, पण संशोधनाला मार्गदर्शन करायला पूर्णवेळ माणूस लागतो.

प्रवेश परीक्षा आणि कॅलेंडर

नाशिकचे विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात ते वेळापत्रकात. केंद्रीय विद्यापीठांची आणि अनेक राष्ट्रीय संस्थांची दारे सीयूईटी पीजी या सामाईक राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून उघडतात. तिचे अर्ज साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. आपल्याकडे पदवीच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्यावर, म्हणजे जून-जुलैत, पुढचा विचार सुरू होतो, तोवर ती गाडी कधीच निघून गेलेली असते. तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीतच यादी करावी. या परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, त्यामुळे अंदाजपंचे उत्तरे भरू नयेत. पुणे विद्यापीठाच्या आवारातील विभागांची प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि ती उन्हाळ्यात येते; संलग्न महाविद्यालयांची प्रक्रिया आणखी उशिरा. तिन्ही वेळापत्रके एकाच कागदावर लिहून भिंतीला लावावीत.

तयारीसाठी बाजारातली मार्गदर्शके वापरावीत, पण कायद्याच्या प्रकरणात त्यांच्यावर विसंबू नये. वृत्तपत्रांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन त्याजागी २०२३ चा नियतकालिकांच्या नोंदणीचा कायदा आला आहे, आणि १ जुलै २०२४ पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तरी जुन्या आवृत्तीत अजून दंड संहितेची कलमे ४९९ आणि ५०० छापलेली दिसतात. पत्रकारितेच्या इतिहासाची साखळी तारखांनिशी पाठ असावी : बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ चे, कृष्णराव भालेकरांचे ‘दीनबंधु’ १८७७ चे, डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० चे. नाशिकच्या विद्यार्थ्याला दादासाहेब पोतनिसांनी १९३८ साली सुरू केलेले ‘गावकरी’ आणि त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके मुलाखतीत विचारले गेले आणि उत्तर आले नाही, तर ते शोभत नाही.

दाखले आणि पैसा

उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असेल तर जातीचा व वैधतेचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, हे सर्व एप्रिल-मेमध्येच आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून काढून ठेवावे. जूनमध्ये दहावी-बारावीच्या प्रवेशांची गर्दी होते. दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागते, आणि शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर होतात : अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांसाठीच्या मॅट्रिकोत्तर योजना, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. आपला अभ्यासक्रम त्या योजनेच्या यादीत आहे का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारून मगच घरचा हिशेब मांडावा. रक्कम जमा होते ती आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि खाती अनेक असली तरी ही जोडणी एका वेळी एकाच खात्याला असते. ते खाते कोणते, हे बँकेत विचारून घ्यावे. जुने, बंद पडलेले खाते जोडलेले राहते आणि पैसे अडकतात.

पहिले सत्र : सिद्धांत आणि कांदा

पहिल्या सत्रात बहुतेकांना धक्का बसतो, कारण हातात माइक येण्याऐवजी इंग्रजी शोधनिबंध येतात. अमेरिकेतील चॅपल हिल गावात १९६८ च्या निवडणुकीत मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी शंभर मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते वाटतात ते विचारले आणि माध्यमांनी कोणत्या प्रश्नांना किती जागा दिली याच्याशी ती उत्तरे ताडून पाहिली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधातून ‘अजेंडा सेटिंग’, म्हणजे लोकांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटावेत हे माध्यमे ठरवतात, ही संकल्पना रूढ झाली. परीक्षेपुरते हे पाठ करता येते, पण समजते तेव्हाच, जेव्हा तोच प्रयोग आपण आपल्या गावात लहान प्रमाणावर करून पाहतो.

म्हणून पहिल्याच सत्रात एक छोटा आशयविश्लेषणाचा, म्हणजे बातम्यांतला मजकूर ठरावीक रकान्यांत मोजून पाहण्याचा, अभ्यास करावा. विषय नाशिकचाच घेऊ : कांद्याच्या बातम्यांत बोलते कोण? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ च्या सुरुवातीला ती पुन्हा खुली झाली, म्हणजे कालखंडाला आपोआपच दोन टोके मिळाली. या काळातले सर्व अंक वाचणे एकट्याला शक्य नाही, म्हणून ‘रचित आठवडा’ करावा : एका आठवड्यातला सोमवार, पुढच्या आठवड्यातला मंगळवार, त्यापुढचा बुधवार, असे सात वेगवेगळ्या आठवड्यांतून सात वार उचलावेत आणि कालखंड पुरतो तितक्या वेळा हे करावे. असे केल्याने एखाद्याच गाजलेल्या आठवड्याचा रंग सगळ्या निष्कर्षाला लागत नाही.

मग एक तक्ता आखावा. प्रत्येक बातमीला एक ओळ, आणि रकाने असे : तारीख, पान, बातमी कुठून दिली आहे (लासलगाव, मुंबई की दिल्ली), पहिले उद्धृत वाक्य कोणाचे (शेतकरी, व्यापारी, अधिकारी, राजकीय नेता की ग्राहक), आणि शीर्षकातला भाव कोणता. हा शेवटचा रकाना मोलाचा आहे. बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव जाहीर करते. कमाल भाव कधीकधी मोजक्या ट्रॅक्टरच्या उत्तम मालाला मिळालेला असतो, तर बहुतेकांच्या हाती पडतो तो सर्वसाधारण भावाच्या आसपासचा पैसा. शीर्षकात यांपैकी कोणता आला, यावर शहरातल्या वाचकाचे शेतकऱ्याबद्दलचे मत ठरू शकते. ‘भाव प्रति क्विंटल की प्रति किलो’ हाही उपरकाना ठेवावा, कारण कुणाला डोळ्यांसमोर ठेवून बातमी लिहिली हे त्यातून उमगते.

तक्ता भरताना ‘व्यापारी असलेला शेतकरी’ कुठे टाकायचा, अशा अडचणी येतीलच. त्या प्रत्येक वेळी वेगळ्या रीतीने सोडवू नयेत. नियम ठरवून वहीत लिहावा आणि आधीच्या ओळी त्या नियमाने पुन्हा तपासाव्यात. शेवटी एकूण बातम्यांपैकी दहा टक्के बातम्या मैत्रिणीला किंवा मित्राला द्याव्यात आणि आपला तक्ता न दाखवता त्यांना भरायला सांगावे. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर व्याख्या कच्च्या आहेत. पद्धतीशास्त्राच्या पुस्तकातला ‘विश्वसनीयता’ हा कोरडा शब्द त्या संध्याकाळी जो अर्थ देतो, तो वर्षभराच्या व्याख्यानांतून मिळत नाही.

देवनागरी हे तुमचे भांडवल

याच अभ्यासात तुम्हाला डिजिटल मराठीची खरी ओळख होते. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधयंत्रात टाकून बातम्या गोळा करायला जावे, तर निम्म्या निसटतात. कारण ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येते : एकात नुक्त्याचा ऱ वापरलेला असतो, दुसऱ्यात साधा र आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. शिवाय कुणी नुसतेच ‘शेतकर्यांना’ लिहितो, तो तिसरा. शोध घेताना तिन्ही रूपे टाकावी लागतात, आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याची आकडेवारी पहिल्या पायरीवरच लंगडी होते.

जुन्या अंकांच्या पीडीएफमध्ये वेगळीच गंमत असते. युनिकोड ही सर्व लिपींची सामाईक संकेतपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये त्या रचलेल्या असतात, म्हणून मजकूर कॉपी केला की भलतीच अक्षरे हाती येतात. तिथे फॉन्ट परिवर्तक वापरावा किंवा सरळ हाताने नोंदी कराव्यात. आणखी एक उदाहरण : वेबपानाच्या पत्त्यात ‘नाशिक’ असे देवनागरीत लिहिले, तर पत्ता कॉपी करताना पाच संकेतांकांचा (न, आकार, श, इकार, क) हा शब्द टक्केचिन्हांसह ४५ अक्षरांचा होतो, म्हणून वृत्तसंस्था पत्ते रोमन लिपीत ठेवतात. मराठी एसएमएस १६० ऐवजी ७० अक्षरांतच संपतो, हेही त्याच जातीचे. डिजिटल संवादाच्या मुलाखतीत अशी माहिती सहज सांगणारा उमेदवार लक्षात राहतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाणित कळफलकावर वेगाने टंकता येणे हे तर पहिल्या सत्रातच साधावे.

कामाचा अनुभव आणि लघुशोधप्रबंध

नव्या आराखड्यात प्रत्यक्ष कार्यानुभवाला चार क्रेडिट आहेत. तो कुठे घ्यायचा हे ठरवताना नाव पाहू नका, तिथे तुमचे काम कोण तपासणार हे पाहा. मी विद्यार्थी असताना एका वृत्तसंस्थेत दोन महिने काढले; आलेली प्रसिद्धिपत्रके टंकणे आणि दुपारी चहा सांगणे, यापलीकडे काम मिळाले नाही, आणि शेवटी प्रमाणपत्रावर माझे आडनावही चुकीचे छापले गेले. दोष थोडा माझाही होता, कारण जाण्याआधी मी काहीच ठरवून घेतले नव्हते. आठवड्याला किमान एक मजकूर माझ्या नावासह किंवा नावाविना प्रसिद्ध होईल आणि त्यावरच्या दुरुस्त्या मला दाखवल्या जातील, एवढे आधी विचारून घ्यावे. मूळ मसुदा आणि दुरुस्त मजकूर शेजारी शेजारी जपून ठेवावेत. नोकरीच्या मुलाखतीत चकचकीत पोर्टफोलिओपेक्षा अशी दोन पाने अधिक बोलकी ठरतात.

लघुशोधप्रबंधाचा विषय निवडताना नाशिकात असण्याचा फायदा कळतो. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चाचे चित्रण पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी कसे बदलले, हा एक विषय. २०१५ चा सिंहस्थ आणि येऊ घातलेला २०२७ चा सिंहस्थ यांच्यातल्या प्रशासकीय संवादाची तुलना, हा दुसरा. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर मोबाइल किती तास आणि कुणाच्या हातात असतो, हा तिसरा. यासाठी मात्र त्या भागात राहायची तयारी हवी. ‘समाजमाध्यमांचा तरुणांवर होणारा परिणाम’ यासारखा विषय मार्गदर्शकांनी सुचवला, तरी नम्रपणे गाव, वयोगट, माध्यम आणि कालावधी विचारावा. चारही उत्तरे मिळेपर्यंत तो विषय झालेला नसतो. व्हॉट्सअ‍ॅप गटांचा अभ्यास करायचा असेल, तर गटातल्या लोकांची संमती लेखी घ्यावी आणि नावे व क्रमांक नोंदीतून काढून टाकावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही केवळ सभ्यतेची बाब राहिलेली नाही. सरकारी खर्चाचे आकडे हवे असल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा, पण उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि पहिले अपील करावे लागले तर आणखी महिना-दीड महिना जातो, हे धरून तो तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच टाकावा.

अध्यापनाकडे किंवा पीएच.डी.कडे जायचे असेल, तर बहुधा नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी लागते. ती जून आणि डिसेंबर या सत्रांत होते, जनसंज्ञापन व पत्रकारिता हा तिच्यातला स्वतंत्र विषय आहे, दोन्ही पेपर मिळून तीन तासांत दीडशे प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. शेवटच्या वर्षात असतानाही तिला बसता येते. जूनच्या सत्राचा अर्ज भरण्याचे आणि अभ्यासाचे दिवस नेमके चौथ्या सत्रातच येतात, म्हणून लघुशोधप्रबंधाचा पहिला मसुदा मार्चअखेर मार्गदर्शकांच्या टेबलावर असलेला बरा.